खोकताना, शिंकताना, फुगडी घालताना: ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात स्त्रियांच्या आरोग्यासाठी फिजिओथेरपी करते. खालचे प्रश्न मला बहुतेक वेळा शेवटच्या मिनिटाला विचारले जातात. गुडघा दाखवायला आलेल्या मावशी चप्पल घालता घालता मागं वळतात आणि म्हणतात, "अजून एक विचारायचं होतं, पण राहू दे." ते राहून गेलेलं सगळं इथं एकत्र केलं आहे. शब्दही बायका वापरतात तेच ठेवले आहेत, कारण अवघड शब्दांच्या आड हा त्रास आधीच खूप वर्षं लपलेला आहे.

हे स्नायू असतात तरी कुठं? मला तर तिथं स्नायू आहे हेच माहीत नव्हतं.

लाकडी पाटावर ताठ बसा. दोन्ही बाजूंना दोन हाडं टोचतील, ती बैठकीची हाडं. समोर, ओटीपोट संपतं तिथं एक आडवं हाड हाताला लागतं आणि मागं माकडहाड. या चौघांच्या मधली जागा मोकळी नाही. समोरच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली आहे, आपण बाळासाठी साडीची बांधतो तशी. त्यातल्या मुख्य स्नायूला डॉक्टर लिव्हेटर अॅनाय म्हणतात. या झोळीतून तीन वाटा बाहेर पडतात: लघवीची, योनीची आणि शौचाची.

लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि मोठ्या आतड्याचा शेवट हे सगळं या झोळीवर विसावलेलं असतं. तिनं वाटा बंद ठेवायच्या आणि वेळ आली की सैल पडून त्या उघडू द्यायच्या. श्वास आत घेतला की छाती-पोटामधला पडदा खाली येतो, त्याबरोबर हीही किंचित खाली येते. श्वास सोडला की वर जाते. म्हणजे तुम्ही हे वाचत असतानाही तिचं काम चालू आहे.

खोकला आला की थेंब पडतो. दोन पोरं झाली, आता हे असंच चालायचं का?

नाही. हे वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर रंकाळ्यावर चालताना मला शिंक आली आणि सलवार ओली झाली. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट असून सात महिने कुणाला बोलले नाही. शेवटी बोलले तेव्हा उत्तर मिळालं, "दोन मुलं झाली की एवढं चालायचंच." त्या उत्तरामुळं मी हे काम करायला लागले.

होतं काय, तर खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि लघवीच्या पिशवीवर पडतो. झोळी त्याच क्षणी आवळली तर वाट बंद राहते. ती उशिरा आवळली किंवा तिच्यात जोर कमी असला की थेंब निसटतो. हसताना, शिंकताना, घागर उचलताना, उडी मारताना हेच होतं. वय झालेल्यांनाच होतं असंही नाही. मूल न झालेल्या खेळाडू मुलींनाही होतं. स्नायूचा दोष आहे आणि स्नायू शिकवता येतो, म्हणून या प्रकारात पहिला उपचार व्यायाम हाच असतो.

मला खोकताना काही होत नाही, पण दाराचं कुलूप उघडता उघडता लघवीची अशी कळ येते की आत पोचेपर्यंत दम निघत नाही.

हा वेगळा प्रकार. इथं लघवीची पिशवी भरायच्या आधीच आकुंचन पावते. पुष्कळ बायकांना दोन्ही त्रास एकत्रही असतात.

मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पहिली जाणीव त्याच्या बरीच आधी होते आणि तेव्हा धावायची गरज नसते. पण एसटीत बसायचंय म्हणून एकदा, बाजारात जायचंय म्हणून एकदा, पाहुणे येणार म्हणून आणखी एकदा, असं "असू दे, जाऊन येते" म्हणत वर्षानुवर्षं गेलं की पिशवीला अर्ध्यावरच कुरकुर करायची सवय लागते. यात बायकांचा दोष मी मानत नाही. स्वच्छ स्वच्छतागृह पुढं मिळेल याची खात्री नसली तर कुणीही निघण्याआधी जाऊनच येईल.

तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती लघवी झाली, कधी गळली, काय प्यालात, एवढंच लिहा. मग कळ आली की धावू नका. जिथं आहात तिथं थांबा, शक्य असेल तर बसा. ओटीपोटाचा तळ पाच-सहा वेळा झटपट आवळा आणि सोडा, श्वास संथ ठेवा. कळ लाटेसारखी असते. चढते आणि ओसरते. ओसरल्यावर चालत जा. दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचं. किमान सहा आठवडे द्या. चहा-कॉफी कमी करून बघा. पाणी मात्र तोडू नका. दाट लघवीनं पिशवी जास्त चिडते आणि बद्धकोष्ठ वर होतो.

लघवी करताना जळजळ होत असेल तर या सगळ्याच्या आधी लघवी तपासून घ्या. जंतुसंसर्गानंही अशीच कळ येते.

आवळायचं म्हणजे नक्की काय आवळायचं? मी करते, पण बरोबर करते का कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. "केगेल करा" एवढं सांगून घरी पाठवलेल्या कितीतरी बायका माझ्याकडं येतात आणि तपासलं तर त्या आवळायच्या ऐवजी खाली कुंथत असतात. म्हणजे जिथं उचलायचं तिथं ढकलत असतात. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामाबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांनी दाब मोजणारं एक साधनही वापरलं होतं. आपला स्नायू आवळतोय का हे बाईला काट्यावर दिसायचं. नाव राहिलं आणि ही दाखवून शिकवायची पद्धत मागं पडली, याचं मला फार वाईट वाटतं.

घरी असं करून बघा. उताणं झोपा, गुडघे मोडून पावलं जमिनीवर. एक-दोन संथ श्वास घ्या. आता चारचौघांत गॅस सुटू नये म्हणून मागची वाट जशी हळूच बंद कराल तशी करा. तो ताण तसाच पुढं लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि मग आत, वर उचलून घ्या. डाळीचा एक दाणा आतून उचलतोय अशी कल्पना केली की बऱ्याच जणींना जमतं. श्वास सोडताना आवळा. मग सोडा, पूर्ण सोडा आणि तो स्नायू खाली येऊन सैल झाल्याचं जाणवेपर्यंत थांबा.

हे करताना श्वास रोखला, नितंब दगडासारखे झाले, मांड्या एकमेकींना चिकटल्या किंवा पोट फुगून पुढं आलं तर चुकतंय. खात्री करायची असेल तर आरसा धरून बघा: आवळल्यावर योनी आणि गुदद्वार यांच्या मधली जागा आत ओढली गेली पाहिजे. बाहेर फुगत असेल तर थांबा आणि जाणकाराला दाखवा. आंघोळीच्या वेळी स्वच्छ बोट योनीत ठेवूनही आवळ कळते.

लघवीची धार मध्येच थांबवण्याचा सराव मात्र करू नका. पिशवी रिकामी होताना स्नायू सैल असायला हवा. रोज उलटी सवय लावली तर पिशवी पूर्ण रिकामी होत नाही.

किती वेळा करायचं आणि किती दिवसांत फरक पडेल?

आपल्या गावात हे समजावणं सोपं आहे. तालमीत गेलेला पोरगा आठ दिवसांत पैलवान होतो का? जोर-बैठकांचा आकडा हळूहळू चढतो, खुराक आणि विश्रांती लागते, आणि वस्ताद बघत असतो. इथंही तसंच.

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात एका वेळी किमान ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा आणि जाणकाराच्या देखरेखीखाली किमान ३ महिने असं प्रमाण दिलं आहे. मी सुरुवातीला तीन सेकंद धरायला सांगते आणि तेवढाच किंवा दुप्पट वेळ सोडायला. जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. त्यानंतर झटपट आवळून सोडायचे दहा ठोके. दोन्ही लागतात, कारण या झोळीत दिवसभर तोलून धरणारे संथ तंतू जास्त असतात, पण शिंकेच्या क्षणी धावून येणारे जलद तंतूही असतात. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून, शेवटी चालताना.

पहिले दोन-तीन आठवडे काहीच बदललं नाही असं वाटेल. तिथंच बहुतेक जणी सोडून देतात. साधारण सहाव्या आठवड्यापासून बायका सांगायला लागतात की पॅड कमी लागतंय.

आणि एक युक्ती लगेच कामाला येते. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. घागर उचलायच्या आधी आवळा, श्वास सोडत उचला. पुढं ते आपोआप व्हायला लागतं.

योगवर्गात मूलबंध आणि अश्विनी मुद्रा शिकवतात. तेच ना हे?

जवळचं आहे, तेच नाही. अश्विनी मुद्रेत भर गुदद्वाराच्या आकुंचनावर असतो. मूलबंध ओटीपोटाच्या तळाशी जास्त जुळतो, पण तो अनेकदा श्वास रोखून केला जातो. गळतीच्या उपचारात श्वास चालू हवा आणि सोडण्याकडं आवळण्याइतकंच लक्ष हवं. योग करत असाल तर सोडू नका. तुम्हाला ही जागा ओळखायला इतरांपेक्षा कमी वेळ लागेल.

माझं सिझर झालंय. मग मला का त्रास?

नऊ महिने वजन याच झोळीनं पेललं, म्हणून. सिझरमध्ये शेवटचा ताण वाचतो. नैसर्गिक बाळंतपणात बाळाचं डोकं बाहेर येताना या स्नायूचा मधला भाग मूळ लांबीच्या सुमारे तिपटीपर्यंत ताणला जातो. तो टळला तरी गरोदरपणाचं ओझं टळत नाही.

बाळंतपणानंतर कधी सुरू करू? सासूबाई पोट घट्ट बांधायला सांगतात.

लघवीची नळी काढली आणि स्वतःहून लघवी झाली की हलकं आवळणं सुरू करता येतं. टाके असले तरी चालतं, दुखेल इतकं करायचं नाही. जोरात उड्या, धावणं, जड उचलणं यांना काही महिने थांबा.

पोट बांधण्याबद्दल सासूबाईंशी भांडू नका, त्या मायेनं सांगतात. आधार वाटेल इतपत सैलसर बांधा. पण श्वास वरवर घ्यावा लागेल इतकं करकचून बांधलं तर दाब खाली, नुकत्याच ताणलेल्या झोळीवर जातो. ही गोष्ट मी आई-सासू दोघींना समोर बसवून दाखवते: फुगा मधोमध दाबला की तो खाली फुगतो. बहुतेक सासूबाई लगेच पटवून घेतात. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आळीव यांना माझी काही हरकत नाही. फक्त लाडवांबरोबर पाणी आणि पालेभाजी भरपूर ठेवा, कुंथायची वेळ येऊ नये.

बाळंतपणात मागपर्यंत फाटलं असेल आणि गॅस किंवा शौच आवरत नसेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

संध्याकाळ झाली की खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. अंग बाहेर येतंय का?

असू शकतं. झोळी आणि तिला जोडलेले बंध सैल झाले की लघवीची पिशवी, गर्भपिशवी किंवा आतड्याची भिंत योनीत खाली सरकते. सकाळी बरं, संध्याकाळी जड. आंघोळ करताना हाताला मऊ गोळा लागतो. हे जिवावरचं नसतं, पण तपासून घ्यायला हवं.

करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गावांतून येणाऱ्या बायकांना "वजन उचलू नका" सांगणं मला पटत नाही. पहाटे म्हशीची धार, मग वैरणीचा भारा, मग शेणाची पाटी. ती नाही उचलणार तर कोण? म्हणून मी भाऱ्याचीच बोलणी करते. एकाऐवजी दोन खेपा. भारा जमिनीवरून उचलण्याऐवजी कट्ट्यावर ठेवून तिथून डोक्यावर घ्यायचा. उचलताना आवळ आणि श्वास बाहेर. घरातला पुरुष माणूस बरोबर आला असेल तर त्यालाही आत बोलावते. भारा डोक्यावर चढवून द्यायला दोन हात पुढं आले तर तो उपचारच आहे.

कमी प्रमाणात उतरलेलं असेल तर व्यायामानं जडपणा कमी होतो. जास्त असेल तर योनीत बसवायची सिलिकॉनची कडी मिळते, तिला पेसरी म्हणतात. डॉक्टर मापाप्रमाणं बसवतात, ठरावीक काळानं काढून धुऊन पुन्हा घालतात. शस्त्रक्रिया नको असलेल्या बायकांना ती वर्षानुवर्षं उपयोगी पडते आणि आपल्याकडं तिच्याबद्दल फार कमी जणींना सांगितलं जातं.

केगेल केल्यावर मला उलट जास्त दुखतं. संबंधाच्या वेळीही दुखतं.

मग आवळणं बंद करा. प्रत्येकीची झोळी सैलच असते असं नाही. काहींची कायम घट्ट असते: भीतीनं, जुन्या दुखण्यानं, टाक्यांच्या व्रणानं, ताणानं. मूठ दिवसभर वळून ठेवली तर हात दुखतो आणि त्या मुठीत जोरही राहत नाही. अशा स्नायूला आधी सोडायला शिकवायचं असतं. कुशीवर झोपून, पोटात खोल श्वास घेऊन तळ खाली पसरू द्यायचा, बाळासनासारखी आसनं, जाणकाराच्या हातानं सैल करणं.

नव्यानं लग्न झालेल्या मुली हे बोलतात तेव्हा खाली बघत बोलतात. त्यांना एवढंच सांगते: दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत आणि सहन करत राहणं हा उपाय नाही. नवऱ्यालाही हे कळायला हवं. आतून तपासणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही. नको असेल तर बाहेरून बघूनही सुरुवात करता येते.

कमोड बरा की भारतीय पद्धतीचा संडास?

उकिडवं बसल्यावर आतड्याचा शेवटचा बाक सरळ होतो आणि कुंथावं कमी लागतं. गुडघे दुखत असतील तर कमोडवर बसून पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येतील असे.

पाळी गेली, मग आता व्यायामाचा उपयोग होईल का?

होईल. सत्तरीतल्या आज्जींनाही होतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झाल्यानं तिथली त्वचा कोरडी आणि पातळ होते. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम कळ आणि जळजळ कमी करतं. ते डॉक्टरांना विचारून. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी गळतीत फरक दिसतो.

एकदा पिशवी काढून टाकली की लघवीचा त्रासही जाईल ना?

गर्भपिशवी आणि लघवीची पिशवी वेगळ्या आहेत. गर्भपिशवी काढणं हा लघवी गळण्याचा उपचार नाही. गर्भपिशवी काढायची खरी कारणं वेगळी असतात आणि ती डॉक्टरांनी तुम्हाला नाव घेऊन सांगितली पाहिजेत. केवळ लघवी गळतेय म्हणून कुणी गर्भपिशवी काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तीन-चार महिने नीट व्यायाम करूनही खोकताना गळत राहिलं तर त्यासाठीची शस्त्रक्रिया निराळी असते. तिच्यात मूत्रमार्गाला खालून आधार देतात.

दाखवायचं कुणाला? आणि घाबरायचं कधी?

स्त्रीरोगतज्ज्ञ, लघवीच्या विकारांचे डॉक्टर किंवा स्त्रियांच्या आरोग्याचं शिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जा आणि केसपेपर काढतानाच "लघवी गळते" असं स्पष्ट सांगा. पाठदुखीच्या नावाखाली गेलात तर पाठच तपासली जाईल.

लघवीतून रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, लघवी अजिबात न होणं, तापाबरोबर कमरेत दुखणं यापैकी काही असेल तर व्यायामाची वाट बघू नका. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी अचानक बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. मणक्यातल्या नसा दबल्याची ती खूण असू शकते.

गौरीला माहेरी जाते, पण चार वर्षं झिम्मा-फुगडीला उभीच राहिले नाही. पुन्हा खेळता येईल का?

येईल, बहुतेक जणींना येतं. फुगडीत दोघी मागं रेलतात, पाय आपटतात, वर हसतात आणि गाणं म्हणतात. म्हणजे झोळीवर एकाच वेळी चारही बाजूंनी दाब. म्हणून पायऱ्या करायच्या. व्यायाम सुरू करून तीन महिने झालेले असावेत, म्हणजे गौरी भाद्रपदात असतील तर वैशाखात सुरुवात. उभं राहून दहा सेकंदांची दहा आकुंचनं जमली की जोरात खोकून बघा. कोरडं राहिलं तर जागच्या जागी टाचा उचलून आपटा, वीस वेळा. मग छोट्या उड्या. मग घरच्या कुणाचे हात धरून संथ फुगडी, तोंडानं गाणं म्हणत, कारण गाणं म्हणताना श्वास रोखला जात नाही. मधल्या कुठल्याही पायरीवर थेंब पडला तर एक पायरी मागं येऊन दोन आठवडे तिथंच राहा.

मागच्या वर्षी एका ताईंनी हे सगळं केलं. गौरी जेवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मागं बायकांचा गलका चालू होता आणि त्यांना धाप लागली होती. "मॅडम, तीन फुगड्या. जाऊबाई दमल्या, मी नाही." काळजीपोटी त्यांनी पॅड लावलं होतं, ते कोरडं निघालं. पुढच्या वर्षी त्याशिवाय खेळणार म्हणाल्या. व्यायाम सोडू नका, एवढं मी सांगितलं आणि आठवड्यातून तीन दिवसांचा त्यांचा नवा तक्ता लिहून पाठवला.